विमानात लागणारे कामापुरते इंग्रजी

आळंदी, मरकळ, धानोरे, चिखली, चाकण या पट्ट्यात आपल्या समाजातील अनेक फॅब्रिकेटर, वेल्डर, डाय बनवणारे, भंगाराचे आणि हार्डवेअरचे व्यापारी आहेत. पूर्वी यांच्यापैकी कोणी विमानात बसला तर तो हज-उमऱ्यासाठी नाहीतर आखातात नोकरीसाठी. आता धंद्यासाठीही जावे लागते. कोणी मशीन पाहायला चीनमध्ये ग्वांगझूला जातो, कोणी माल पाहायला दुबईला. ग्वांगझूचे कँटन फेअर हे प्रदर्शन १९५७ पासून वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात भरते, आणि तिथे यंत्रे, हत्यारे, हार्डवेअर सारे एका छताखाली पाहायला मिळते. तिकीट, व्हिसा, हॉटेल हे सारे एजंट करून देतो. परंतु विमानाचे दार बंद झाले की एजंट बरोबर नसतो. तिथून पुढे बोलायचे ते आपल्यालाच.

आमच्या परिचयाचे एक कारागीर आहेत. डाय बनवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. काही वर्षांपूर्वी ते मधल्या एका शहरात विमान बदलून ग्वांगझूला गेले. जेवणाची गाडी त्यांच्यापर्यंत येईतो चिकन संपले होते. हवाई सुंदरीने विचारले, 'सर, चिकन इज फिनिश्ड. इज पोर्क ओके?' आमच्या या मित्राच्या कानावर 'चिकन' आणि 'ओके' एवढे दोनच शब्द पडले. ते हसून म्हणाले, 'येस, येस.' ताट पुढे आले. शेजारच्या प्रवाशाने हिंदीत सांगितले तेव्हा कळले की त्यात काय आहे. अल्लाहने वाचवले, घास तोंडात गेला नव्हता. परंतु मग दुसरे काही मागण्याचेही धाडस झाले नाही. खिशातल्या चार खजुरांवर त्यांनी ग्वांगझू गाठले.

हे गृहस्थ अडाणी नाहीत. चाकणच्या कंपनीचे ड्रॉइंग ते वाचतात. टॉलरन्स, फिनिश, रिजेक्शन, डिस्पॅच हे शब्द त्यांच्या तोंडी रोज असतात. त्यांना इंग्रजी येत नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी न समजता 'येस' म्हटले, एवढीच चूक झाली. विमानातल्या संभाषणात आपल्या लोकांचे जे नुकसान होते ते व्याकरणाने होत नाही, या 'येस'ने होते. म्हणून प्रथम त्याच्याविषयी लिहितो.

ऐकलेले परत बोलून दाखवा

वाचकांना १२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची दुर्घटना आठवत असेल. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियन एअरलाइन्सचे जंबो विमान आणि दिल्लीत उतरायला येणारे कझाकस्तानचे विमान हरियाणाच्या आकाशात एकमेकांवर आदळले आणि ३४९ माणसे मृत्युमुखी पडली. सौदी विमानात रोजीरोटीसाठी निघालेले आपले अनेक भारतीय बांधव होते. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर राहायचे होते, ते त्याखाली उतरले. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत कझाक वैमानिकांचे कच्चे इंग्रजी हेही एक होते. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आंतरराष्ट्रीय उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांसाठी इंग्रजीची ठरावीक पातळी सक्तीची केली. मार्च २००८ पासून तो नियम लागू आहे.

वैमानिकांचे हे इंग्रजी साहेबी थाटाचे नसते. ठरलेले, आखूड शब्द असतात आणि त्याला एक शिस्त असते. कंट्रोल टॉवरने सूचना दिली की वैमानिक ती जशीच्या तशी परत बोलून दाखवतो. नुसते 'हो, समजले' म्हणून चालत नाही. आता गंमत अशी की हीच शिस्त आपल्या कारागिरालाही ठाऊक आहे. कंपनीचा माणूस फोनवर माप सांगतो तेव्हा आपण म्हणतो, 'बारा एमएम, पन्नास नग, शनिवारी, बरोबर ना साहेब?' कारण माप चुकले तर माल परत येतो आणि भुर्दंड आपल्याला बसतो. विमानात मात्र आपण ही सवय खाली ठेवून वर चढतो.

तेव्हा पहिले वाक्य पाठ करावे ते हे: 'सॉरी, आय डिड नॉट अंडरस्टँड. प्लीज से इट स्लोली.' म्हणजे माफ करा, मला समजले नाही, जरा सावकाश सांगा. यात कमीपणा काही नाही. आखाती कंपन्यांच्या विमानांत काम करणारी मुले-मुली फिलिपाइन्स, केनिया, मोरोक्को अशा कितीतरी देशांतून आलेली असतात. त्यांच्यापैकी अनेकांनीही इंग्रजी आपल्यासारखेच शिकून घेतले आहे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे आधीच विचारावे, 'डज एनीवन हिअर स्पीक हिंदी ऑर उर्दू?' भारतातून जाणाऱ्या विमानात तसा कोणी असण्याचा संभव बराच असतो. काही कंपन्या तर उड्डाणापूर्वी आपले कर्मचारी कोणकोणत्या भाषा बोलतात ते ध्वनिक्षेपकावर सांगतात. त्याकडे कान ठेवावा.

दुसरे वाक्य पडताळणीचे. 'यू मीन...' असे म्हणून आपल्याला जे समजले ते बोलावे. 'यू मीन, नो चिकन?' एवढे जरी त्या मित्राने विचारले असते तरी काम झाले असते.

'गिव्ह वॉटर' का म्हणू नये

मराठीत 'पाणी देता का?' म्हटले की त्यात विनंती आली. आपला नम्रपणा क्रियापदात असतो, आवाजात असतो, 'हो', 'ना' अशा लहान शब्दांत असतो. इंग्रजीत ही सोय नाही. तिथे नम्रपणा वेगळ्या शब्दाने जोडावा लागतो. आपण 'पाणी द्या' याचे 'गिव्ह वॉटर' करतो आणि आपल्या मनात काही नसताना तो हुकूम वाटतो. समोरची मुलगी गप्प राहते, पण मागच्या रांगेला जेवढ्या आनंदाने उत्तर देते तेवढ्या आनंदाने आपल्याला देत नाही. 'मे आय हॅव सम वॉटर, प्लीज?' हे पूर्ण वाक्य घोटून ठेवावे. 'वॉटर'च्या जागी 'टी', 'अ ब्लँकेट', 'अ पेन' काहीही घालता येते. एक साचा आणि त्यात पाहिजे तो माल ओतायचा, हे आपल्याला सांगायला नको.

हाक मारताना 'एक्सक्यूज मी' म्हणावे. चुटकी वाजवू नये, 'शुक शुक' करू नये, दंडाला हात तर मुळीच लावू नये. डोक्यावर माणसाचे चित्र असलेले एक बटण असते, ते दाबले की कोणीतरी येते. हवाई सुंदरी हा शब्द आपल्याकडे रुळला आहे, पण हल्ली त्या जागी मुलगेही असतात. 'मॅम' आणि 'सर' दोन्ही तयार ठेवावेत.

जेवण वाढणे हे या लोकांचे दुय्यम काम आहे, हेही ध्यानात असावे. विमानाला आग लागली तर निम्मीच दारे वापरून सर्वांना नव्वद सेकंदांत बाहेर काढता आले पाहिजे, या कसोटीवर मोठी प्रवासी विमाने उतरवली जातात, आणि ते करायचे असते याच लोकांना. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत पॅन ॲमच्या अपहृत विमानात नीरजा भनोत या तरुणीने प्रवाशांना वाचवताना प्राण दिले. ते विमान मुंबईहूनच निघाले होते. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. भारत सरकारने तिला अशोकचक्र दिले, पाकिस्ताननेही तिचा सन्मान केला.

हलाल जेवण, मद्य आणि नमाज

हलाल जेवणाची बोलणी विमानात करू नयेत, तिकिटाच्या वेळीच करावीत. विमान कंपन्यांच्या भाषेत याला 'मुस्लिम मील' म्हणतात आणि त्याची खूण 'एमओएमएल' अशी चार अक्षरी आहे. साधारणपणे उड्डाणाच्या किमान चोवीस तास आधी, काही कंपन्यांत त्याहूनही आधी, ते नोंदवावे लागते. एजंटला नुसते 'हलाल टाक' असे न म्हणता 'एमओएमएल टाक आणि तिकिटावर दाखव' असे सांगावे. सौदिया, कुवेत एअरवेज, एमिरेट्स यांच्याकडे जेवण हलालच असते. मात्र एमिरेट्समध्ये मद्य दिले जाते, सौदिया आणि कुवेतमध्ये नाही. एअर इंडियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपली पद्धत बदलली. आता आगाऊ नोंदवलेल्या मुस्लिम मीललाच हलालचे प्रमाणपत्र असते, सौदीच्या मार्गांवर मात्र सर्वच जेवण हलाल असते. इतर कंपन्यांचे चिकन हलाल असेलच असे धरून चालू नये.

विमानात चढल्यावर जेवण येण्याची वाट न पाहता आधीच सांगावे: 'आय हॅव ऑर्डर्ड अ मुस्लिम मील. कुड यू प्लीज चेक?' नोंद हरवली असेल तर रांगेच्या शेवटी आपली फजिती होण्याऐवजी सुरुवातीलाच काही सोय होते. शंका असेल तर, 'इज देअर एनी पोर्क ऑर अल्कोहोल इन दिस?' उत्तर ठाम आले नाही तर 'व्हेजिटेरियन, प्लीज' म्हणावे. परदेशी कंपन्यांच्या व्हेजिटेरियनमध्ये अंडे किंवा चीज असू शकते. आपल्या पद्धतीचा शाकाहारी डबा हवा असेल तर त्याची खूण 'एव्हीएमएल' आहे, तीही आधीच नोंदवावी लागते.

मद्याच्या बाबतीत लांबलचक स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. 'नो, थँक यू. जस्ट ज्यूस, प्लीज.' बस्स. शेजारी घेत असेल आणि त्रास होत असेल तर त्याच्याशी वाद न घालता कर्मचाऱ्याला हळूच विचारावे, 'मे आय चेंज माय सीट, प्लीज?'

नमाजसाठी उभे राहण्यापूर्वी विचारावे, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. 'आय वुड लाइक टू प्रे फॉर फाइव्ह मिनिट्स. इज देअर अ प्लेस?' सौदियाच्या काही मोठ्या विमानांत नमाजची वेगळी जागा असते. इतरत्र कोणी मागच्या बाजूला जागा देतात, कोणी नाही म्हणतात, आणि पट्ट्याचा दिवा लागलेला असेल तर सर्वच नाही म्हणतात. आसनावर बसून नमाज कशी अदा करावी हा मसला निघण्यापूर्वीच आपल्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारून घ्यावा. वजू करताना शौचालयाच्या फरशीवर पाणी सांडते आणि पुढच्या प्रवाशाचा पाय घसरतो. कागदी रुमाल घेऊन फरशी कोरडी करून बाहेर पडावे, म्हणजे मागून येणाऱ्या आपल्या भावावर बोट ठेवले जात नाही.

रमजानमध्ये उंचीवरून सूर्य जास्त वेळ दिसतो, खाली शहरात अंधार पडलेला असला तरी. 'प्लीज टेल मी व्हेन इट इज इफ्तार टाइम' असे आधी सांगून ठेवावे. आखाती विमानांत हा शब्द सर्वांना कळतो, इतरत्र 'सनसेट' म्हणावे. तसेच उमऱ्याला जेद्दाहकडे जाताना मीकात विमानातच ओलांडली जाते. सौदियाच्या विमानात त्याची घोषणा होते. दुसऱ्या कंपनीच्या विमानात तो शब्द कोणाला कळेल याचा भरवसा धरू नये, एहराम आधीच बांधून नियतीची वेळ एजंटकडून विचारून घ्यावी.

दुखणे आणि बॅटरी

आपल्याकडे 'मला शुगर आहे', 'मला प्रेशर आहे' असे म्हणण्याची रीत आहे. याचे शब्दशः इंग्रजी केले तर घोटाळा होतो. 'आय हॅव शुगर' ऐकून एखादी भोळी मुलगी चहाला साखर नको असे समजेल. 'आय ॲम डायबेटिक. आय नीड टू ईट नाऊ' असे म्हणावे. रक्तदाबाला 'हाय ब्लड प्रेशर'. चक्कर येत असेल तर 'आय फील डिझी', श्वास लागत असेल तर 'आय कान्ट ब्रीद वेल'. छातीत दुखू लागले तर 'गॅस असेल' म्हणून बसून राहू नये, 'चेस्ट पेन' हे दोन शब्द मोठ्याने म्हणावेत, वाक्य जमवण्याच्या भानगडीत पडू नये. कर्मचाऱ्यांना प्रथमोपचार शिकवलेले असतात आणि प्रवाशांत कोणी डॉक्टर असेल तर ते पुकारा करून बोलावतात. इन्शुलिन आणि गोळ्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत असाव्यात.

पॉवर बँकही हातातल्या पिशवीतच लागते, मोठ्या सामानात ती चालत नाही. एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरण्यासच बंदी केली आहे, जवळ एक बाळगता येते एवढेच. फोन आसनाच्या फटीत पडला तर आसन मागेपुढे करून तो काढू नये. चेपलेली बॅटरी पेट घेते. 'माय फोन हॅज फॉलन इन द सीट' असे सांगून त्यांना काढू द्यावा. काही गरम लागले, धूर दिसला तर 'स्मोक!' एवढा एक शब्द पुरे. आपली हत्यारे, पाने, पेचकस मात्र मोठ्या सामानात टाकावेत, नाहीतर सुरक्षा तपासणीतच ते सोडून द्यावे लागतात.

आणखी एक जागा आहे जिथे न समजता 'येस' म्हणू नये. आपत्कालीन दाराजवळचे आसन पाय पसरायला ऐसपैस असते म्हणून आपले लोक ते आवडीने घेतात. तिथे बसणाऱ्याला दार कसे उघडायचे ते समजावून मग विचारतात, 'आर यू विलिंग टू हेल्प इन ॲन इमर्जन्सी?' समजले असेल आणि अंगात ताकद असेल तरच होय म्हणावे. नसेल तर, 'आय वुड लाइक अनदर सीट, प्लीज.' आसन बदलून मिळते, कोणी हसत नाही.

वादाबद्दल थोडक्यात. २०१७ पासून आपल्या देशात बेशिस्त प्रवाशांचे तीन स्तर ठरले आहेत. शिवीगाळ, हुल्लड यासाठी तीन महिन्यांपर्यंत, धक्काबुक्कीसाठी सहा महिन्यांपर्यंत आणि जिवावर बेतणाऱ्या वागण्यासाठी दोन वर्षे किंवा अधिक काळ विमानबंदी होऊ शकते. ज्याचा धंदा प्रवासावर आहे त्याला हे परवडणारे नाही. बॉम्ब, अपहरण हे शब्द तर थट्टेतही, मराठीतही, मित्राशीही काढू नयेत. आपल्या नावाच्या माणसाची थट्टा कोणी थट्टा म्हणून ऐकेल याची खात्री नसते, हे कटू आहे पण लिहिणे भाग आहे. तक्रार असेल तर 'मे आय स्पीक टू द पर्सर?' म्हणावे. पर्सर म्हणजे त्या सर्व कर्मचाऱ्यांचा प्रमुख. वाद त्याच्यापुढे मांडावा आणि आवाज खालीच ठेवावा.

विमान बदलताना

२०२० मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट प्रवासी विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता-ग्वांगझू विमानाने पुन्हा सुरू झाली. तरीही आपल्या भागातील बरेच जण भाडे स्वस्त पडते म्हणून बँकॉक, सिंगापूर किंवा क्वालालंपूरला विमान बदलून जातात. थायलंडमध्ये बाहेर पडायचे असेल तर तेथील आगमनाचा फॉर्म १ मे २०२५ पासून ऑनलाइन झाला आहे, विमानात कागद मिळण्याची वाट पाहू नये. जिथे अजून कागद मिळतो तिथे 'कुड यू हेल्प मी विथ दिस फॉर्म?' असे विचारता येते, परंतु पासपोर्ट नंबर आणि हॉटेलचा पत्ता आपण आधीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असावा.

पहिल्या विमानाला उशीर झाला असेल तर उतरण्याच्या अर्धा तास आधी बोर्डिंग पास दाखवून विचारावे, 'माय नेक्स्ट फ्लाइट इज ॲट टेन ट्वेंटी. व्हिच गेट, प्लीज?' वेळ फारच कमी असेल तर 'मे आय गेट ऑफ फर्स्ट?' हेही विचारावे. पुष्कळदा ते पुढच्या आसनावर आणून बसवतात. गेटचा आकडा मात्र जपून ऐकावा. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांत आपला कान हमखास फसतो आणि मोठ्या विमानतळावर गेट पंधरा आणि गेट पन्नास यांत वीस मिनिटांची पायपीट असते. वैमानिक असे आकडे सुटे करून बोलतात. आपणही तसेच करावे. 'गेट वन फाइव्ह?' असे विचारावे, 'येस, वन फाइव्ह' असे उत्तर आले की तिथेच बोर्डिंग पासवर पेनाने लिहून घ्यावे, आणि पेन नसेल तर ते कसे मागायचे ते वर आलेच आहे.